अकरावं नाव

“एक नंबरला शैलाताई. यावर वादच नको,” असं म्हणून धनपालनं पोस्टकार्डाएवढी दहा कार्डं चौगुले सरांच्या झोपाळ्यासमोर टेबलावर मांडली, आणि वाद सुरू झाला.

२०१३ सालच्या जानेवारीतली दुपार होती. इचलकरंजीतल्या आमच्या उदयकाळ क्रीडा मंडळाला पन्नास वर्षं होत होती. स्मरणिकेत मंडळाच्या दहा सर्वोत्तम हंगामांची क्रमवार यादी छापायची आणि समारंभात त्या दहा जणांचा सत्कार करायचा, असं ठरलं होतं. सर्वोत्तम खेळाडूंची यादी नव्हे, हंगामांची. एका माणसानं एका वर्षात, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, खो-खोच्या मैदानावर जे केलं असेल ते मोजायचं. ही कल्पना धनपाल उपाध्येची. हा गृहस्थ ८९ साली बँकेतून बदली होऊन गावात आला आणि मंडळाला चिकटला तो चिकटलाच. स्वतः आयुष्यात कधी बसमागंही धावला नसेल, पण जुन्या सामन्यांची गुणपत्रकं त्यानं राज्यभर पत्रं लिहून जमवली होती. कोण किती मिनिटं पळालं आणि कुणी किती गडी मारले, ते विचारायची खोटी, लगेच सांगायचा.

समितीत तिघंच होतो. धनपाल, आमचे प्रशिक्षक चौगुले सर आणि मी. सर तेव्हा ऐंशीला टेकले होते. मी समितीत का, तर १९८४ साली अकोल्याला महिलांच्या राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चार नंबरची शैला बुगड सहा मिनिटं दहा सेकंद नाबाद पळाली होती. मुलींचा डाव सात मिनिटांचा असतो. पहिल्या तुकडीतल्या तिघी पन्नास सेकंदांत बाद झाल्या आणि उरलेली सहा मिनिटं दहा सेकंद एकच पोर कुणाच्या हाताला लागली नाही. आम्ही एका गुणानं जिंकलो. मंडळाला बायकांचा राज्य करंडक मिळाला तो तेवढा एकदाच, आणि कागदोपत्री ती शैला बुगड मी.

“एक नंबरला बाजीराव खोत,” सर म्हणाले. “एकोणऐंशीचा.”

“सर, बाजीरावांचा डाव नऊ मिनिटांचा. त्यांची सरासरी काढली तर...”

“सरासरी घाल चुलीत. बाजीरावनं त्या वर्षी कुणाला मारलं ते बघ. पुण्याचे तिघं, मुंबईचे पाच. सगळे महाराष्ट्राकडून खेळलेले. चिल्लर गडी पन्नास मारले तरी त्याला काय हंगाम म्हणत्यात व्हय?”

“आणि दमलेल्या मिनिटांचं काय?” धनपाल हटणारा नव्हता. “शैलाताई अंतिम सामन्यात एकट्या उरल्या होत्या. तुकडीतल्या दुसऱ्या दोघी दीड मिनिटाच्या आत बाद. पुढं नऊ जणी मागं लागल्यात आणि ही एकटी. असं बाजीरावांना कधी पळावं लागलं?”

“मी बाजीरावला पळताना बघितलाय. तू कागद बघितलायस.”

“कागद विसरत नाही, सर.”

हे जरा लागलं असावं. त्या वर्षी सर विसरायला लागले होते. मघाशीच त्यांनी धनपालला दोनदा ‘बाजीराव’ म्हणून हाक मारली होती, आणि त्यानं बिचाऱ्यानं दोन्ही वेळा ‘ओ’ दिली होती. सर पायानं झोपाळा हलवत राहिले. तासभर कार्डं खालीवर सरकत होती. बाजीराव एकवर जायचा, धनपाल त्याला दोनवर आणायचा. ७२ साली सदाशिव कुंभारनं खांबावर मारलेल्या सुरांना किती गुण द्यायचे, जिल्ह्याचा सामना आणि राज्याचा सामना एका तराजूत तोलायचा का, बायकांची मिनिटं आणि पुरुषांची मिनिटं सारखी धरायची का... दोघांना फार मजा येत होती. मी चहा केला, बिस्किटं मांडली, आणि सकाळपासून जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलायला धीर गोळा करत बसले.

सकाळी मी अक्काताईकडं जाऊन आले होते.

अक्काताई मगदूम माझ्याच तुकडीतली, नऊ नंबरची. शाळेपासूनची मैत्रीण. अकोल्याच्या सामन्यानंतर दोन महिन्यांत तिचं लग्न झालं आणि पुढं पंचवीस वर्षं तिनं मागावाल्यांच्या कांड्या भरल्या. सुताच्या त्या इवल्या रिळांपुढं बसून बसून तिच्या छातीत कापसाचा कोंडा गेला होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती उशांना टेकून बसत होती आणि दोन वाक्यांच्या मधे थांबत होती. आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात. नोकरीत राहून माझं ते सुटलं. तिचं शेवटपर्यंत सुटलं नाही.

“तुमच्या पुस्तकात दहा नावं येणार म्हणं,” ती म्हणाली होती.

“हो.”

“माझं न्हाई न्हवं त्यात?”

मी पांघरुणाची घडी नीट करायला लागले.

“मागत न्हाई गं. राजश्री आमची, ती म्हणती, आई, तुला जिना चढवत न्हाई आणि तू काय खो-खो खेळलीस. मी खोटं सांगतो म्हणती. हसतच म्हणती, पण म्हणती.” ती श्वासासाठी थांबली. “दहावं आलं तरी चालंल. सगळ्यात शेवटी, एका ओळीत. तिला दाखवतो आणि म्हणतो, बघ.”

राजश्री तिची एकुलती मुलगी, औषधाच्या दुकानात कामाला. ती आत भाकरी करत होती. सगळं ऐकू जात होतं तिला.

“येईल तुझं नाव,” मी म्हटलं. “समितीत मीच आहे की.”

“तुला अडचण हुईल असलं काय करू नको हां,” अक्काताई म्हणाली.

तर तो धीर माझ्याकडं साडेचारच्या सुमारास गोळा झाला. मी म्हटलं, “दहाव्या नंबरला आपण अक्काताई मगदूमला घेऊ.”

झोपाळा थांबला.

धनपालनं फाईल उघडली. शोधावंही लागलं नाही त्याला. “अक्काताई मगदूम, नऊ नंबर. ८३-८४ ची सहा गुणपत्रकं मिळाली आहेत. सरासरी एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. अंतिम सामन्यात चाळीस सेकंद.” त्यानं चष्मा वर केला. “ताई, दहाव्या नंबरवाल्याची सरासरी तीन मिनिटांच्या वर आहे. कसं बसवू?”

“सगळं आकड्यांवर नसतं, धनपाल.”

“मग कशावर असतं? मला सांगा, मी तसं करतो. उद्या प्रत्येक जण आपल्या मैत्रिणीचं, आपल्या मेव्हण्याचं नाव घेऊन येईल. त्यांना मी काय सांगू?”

तो वाईट माणूस नव्हता. अक्काताई आजारी आहे हे त्याला ठाऊक होतं, तिला बघायलाही तो गेला होता. पण यादी म्हणजे यादी. मी म्हटलं, “मग माझं नाव काढा आणि तिचं घाला.”

“बघा सर,” धनपाल सरांकडं वळला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. “याला मोठेपणा म्हणतात. एक नंबरची बाई स्वतःचं नाव काढायला निघालीय.”

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. असंही वाटलं की आपण आपल्या परीनं केलं, आता नाही जमलं तर नाही.

“अक्काताई एक नंबर,” सर म्हणाले.

धनपाल हसला. “सर, आत्ता तर बाजीराव म्हणत होता.”

“ते हिला खाली आणायला म्हणत हुतो.” सरांनी माझ्याकडं बोट केलं. आवाज चढला नव्हता. “अकोल्यात चार नंबर घालून अक्काताई पळाली. ही नऊमध्ये हुती. ही चाळीस सेकंदांत गेली.”

शेजारच्या कारखान्यात मागांची खडखड चालू होती तेवढीच. धनपालनं हातातलं कार्ड खाली ठेवलं, अगदी काळजीनं, टेबलाच्या कडेला समांतर. माणूस पांढरा पडला होता. चोवीस वर्षं त्यानं ते कागद जपले होते.

“शैलाताई,” तो म्हणाला, “मी तिथं नव्हतो. तुम्ही होता. तुम्ही सांगाल ते मी छापतो. अकोल्यात कोण पळालं?”

इतका सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. एका शब्दाचं उत्तर होतं. आणि मला त्या एवढ्याशा वेळात काय काय दिसावं. माझी नोकरी दिसली, जी अकोल्याच्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या जागेतून मिळाली होती. कचेरीतल्या जिन्यात लावलेला माझा सत्काराचा फोटो दिसला. ‘माझी आई सहा मिनिटं दहा सेकंद’ असं कॉलेजात सांगणारा मुलगा दिसला. करंडक परत मागतील का, असंही मनात आलं. अक्काताई तेवढी दिसली नाही.

मी म्हटलं, “सरांचं आता वय झालंय.”

सर माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. एखादी पोर सोप्या खोला चुकली की बघायचे तसं. मग त्यांनी मान खाली घातली, पायानं झोपाळा पुन्हा हलवला आणि धनपालला म्हणाले, “व्हय. वय झालंय. चहा घेतला का रे तुम्ही, बाजीराव?”

चहा होऊन गेला होता. कप समोरच होते.

धनपालचा जीव भांड्यात पडला. “घेतला, सर,” असं म्हणून त्यानं लहान मुलाशी बोलावं तसं सरांच्या हातावर थोपटलं, आणि एक नंबरचं कार्ड उचलून सगळ्यात वर ठेवलं. सर खरंच विसरले होते, की माझ्यासाठी विसरले, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

ते खरं बोलले होते. आमच्या संघात एक रीत होती. सामन्याआधी ज्या पोरीचे हातपाय गार पडतील तिला अक्काताईनं आपली नऊ नंबरची जर्सी घालायला द्यायची आणि तिची आपण घालायची. “नऊला कुणी हात लावत न्हाई, घाल,” असं म्हणायची ती. पहिल्यांदा केलं तेव्हा सर ओरडले होते, कारण पकडलं असतं तर सामनाच गेला असता. पण त्या दिवशी आम्ही जिंकलो आणि सर गप्प बसले. पंच छातीवरचा आकडा बघतात, तोंड बघत नाहीत. आम्ही दोघी सारख्याच काटकुळ्या, सारख्याच दोन वेण्या वर बांधलेल्या. त्या हंगामात हातपाय बहुतेक वेळा माझेच गार पडले. सहांपैकी चार सामन्यांत मी नऊ होते आणि ती चार. धनपालच्या कागदावर जो माझा हंगाम होता, त्यातली चांगली मिनिटं सगळी तिची होती. आणि तिच्या नावापुढं जे चाळीस सेकंद होते, ते माझे.

अकोल्यात मी बाद होऊन बाहेर बसले आणि उरलेला वेळ तिला पळताना बघितलं. उजव्या हाताचा अंगठा मुठीत दाबून पळायची ती. खांबाकडं जातेय असं दाखवून मधूनच वळायची, आणि सूर मारणारी पोर मातीत. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ती मैदानाच्या मधोमध उभी होती, आणि माईकवर माझं नाव चाललं होतं. बक्षिसाला पुकारलं तेव्हा मी जागची हलेना. तिनंच मला ढकललं. “जा की. नंबर तुझा हाय.” नंतर नोकरीचा अर्ज भरताना मी तिला विचारलं, तर म्हणाली, “मला मे महिन्यात उजवून टाकणार. मी काय करू त्या कागदाचं? तू लाव.”

एवढं विचारलं होतं मी, एकदा. त्यावर एकोणतीस वर्षं काढली.

समारंभ फेब्रुवारीत झाला. सन्मानचिन्ह सरांच्याच हातून दिलं मला. त्यांनी ते दिलं, पण हात हातात घेतला नाही. दुसऱ्या दिवशी स्मरणिका घेऊन मी अक्काताईकडं गेले. न जाऊन चालणार नव्हतं. ती फार खंगली होती. राजश्री उशाशी बसली होती.

“आलं न्हवं पुस्तक,” अक्काताई म्हणाली. “दहावं बघ गं, राजश्री.”

राजश्रीनं पान काढलं आणि खालून वाचायला लागली. दहावं कुणाचं, नववं कुणाचं, आठवं कुणाचं. प्रत्येक नावाला अक्काताई मान हलवत होती, जणू आपलं पुढच्या ओळीत असेल. मी तिथंच बसून होते. पहिल्या नंबरपर्यंत येऊन राजश्री थांबली. तिथं अर्धं पान फोटो होता. अकोल्याच्या एका वर्तमानपत्रातला, धनपालनं कुठून तरी मिळवलेला. चार नंबरची पोर खांबाला वळसा घालतेय, चेहरा अर्धा झाकलेला, वेणी सुटलेली, उजवा अंगठा मुठीत. खाली माझं नाव.

अक्काताईनं पुस्तक हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. तिनं तो फोटो जन्मात पहिल्यांदा बघितला असणार. मग पुस्तक पोरीकडं वळवून म्हणाली, “ही बघ शैला मावशी. लई पळायची. असं कुणी पळालं न्हाई पुन्हा.”

“अक्के...” मी म्हटलं.

“फोटो चांगला आलाय तुझा,” ती म्हणाली, आणि डोळे मिटले. पांघरुणावर तिचा उजवा हात होता. अंगठा मुठीत.

राजश्रीनं फोटोकडं बघितलं, आईच्या हाताकडं बघितलं, आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला फाटकापर्यंत सोडायला आली. उद्या येऊन सांगू, असं मनाशी म्हटलं. उद्या कचेरीत तपासणी होती. परवा आणखी काही. नवव्या दिवशी अक्काताई गेली.

दिवसकार्य झाल्यावर राजश्री माझ्या घरी आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत ती स्मरणिका. “आईच्या उशीखाली होती,” ती म्हणाली. “एक दाखवायचं होतं तुम्हाला, मावशी.”

तिनं यादीचं पान उघडलं. मला वाटलं फोटोवर काहीतरी असेल. माझं नाव खोडलं असेल, नाही तर तिचं लिहिलं असेल. मी तयारीच केली होती. पण फोटो तसाच होता, खालचं नावही तसंच. पानाच्या तळाशी, दहाव्या नावाच्या खाली जी दोन बोटं जागा उरली होती, तिथं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. अक्षर हललेलं, सातवीतून शाळा सुटलेल्या पोरीचं.

‘११. अक्काताई मगदूम.’

पुढं मिनिटं नाहीत, साल नाही. नुसतं नाव.

मला रडू आवरेना. राजश्री आत जाऊन पाणी घेऊन आली, माझ्याच घरात, मला. मी पाणी प्याले. तिनं मला निवांत होऊ दिलं आणि मग विचारलं, “मावशी, आई खरंच पळायची का ओ?”

पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा एका शब्दाचं उत्तर. या वेळी मी म्हटलं, “बस. सांगते.”

पहिल्यापासून सांगितलं. जर्सीचं, अकोल्याचं, नोकरीचं. झोपाळ्यावरच्या त्या दुपारचं, मी सरांना काय म्हटलं त्याचंही. पुढं मी धनपालकडंही गेले. त्यानं दारं लावून घेऊन फायलीतला कागद काढला, दोन्ही नावांपुढची मिनिटं अदलाबदल केली, सही केली आणि तीन महिने माझ्याशी बोलला नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी राजश्री ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिनं पुस्तक पिशवीत घातलं, पिशवीचे बंद बांधले, आणि दारात चप्पल घालता घालता एवढंच विचारलं,

“आई वाचून दाखव म्हणाली तेव्हा तुम्ही तिथंच बसला होता न्हवं, मावशी. मी खालून एकेक नाव वाचत हुतो. तेव्हा का न्हाई सांगितलं?”

राजश्री अजून येते अधूनमधून. दिवाळीला फराळ आणते. तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही.